चोरासाठी चार ओळी

सुमारे दीडशे ओळींच्या या प्रोग्रॅममध्ये चोराच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. बाकी सगळा मजकूर घरच्या माणसांसाठी आहे. कुणी बाहेर पडताना किल्ली शोधत उंबऱ्यावर रेंगाळेल, कुणी रात्री उशिरा परतेल, कुणाचं बोट कीपॅडवर चुकेल, कुणी पहाटे दूध घ्यायला दार उघडेल, या सगळ्यांची सोय त्यात लावलेली आहे. घरफोडीचा अलार्म म्हणून लिहिलेल्या मजकुरात चोर इतका कमी यावा याचं मला नवल वाटलं, आणि कवितेचं करतो तसं याचंही रसग्रहण करून पाहावं असं मनात आलं. शब्द निवडलेले आहेत, क्रम ठरवलेला आहे, काही गोष्टी मुद्दाम गाळल्या आहेत. वाचकाला आणखी काय लागतं?

लेखिका डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर कराडचं, बैठं. पुढे एक दार, तीन खिडक्या, मागच्या दाराला आतून अडसर. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं: आर्डुइनो नॅनोची स्वस्त नक्कल, दार-खिडक्यांसाठी रीड स्विच आणि लोहचुंबकाच्या जोड्या, हालचाल टिपणारा एक पीआयआर सेन्सर, सोळा बटणांचा कीपॅड, सायरन, आणि वीज गेली तरी सगळं चालू ठेवणारी १२ व्होल्टची बॅटरी. नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये प्रोग्रॅमला ३२ केबी जागा असते आणि चालू कामाच्या आठवणीला फक्त २ केबी. संहिता आखूड असण्याला हेही एक कारण.

साचा तिचा स्वतःचा नाही. इटलीतल्या इव्हरेआ गावच्या डिझाइन संस्थेत २००५ मध्ये आर्डुइनो तयार झालं ते इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याच्या प्रत्येक प्रोग्रॅमचे दोनच भाग असतात. ‘सेटअप’ एकदाच होतो. ‘लूप’ वीज असेतोवर फिरत राहतो. सामान्य सी भाषेतला प्रोग्रॅम सुरू होतो, काम करतो आणि संपतो. इथे संपण्याची तरतूदच नाही. बहुतेक नवशिक्यांना हा साचा जाचतो, दिवा लुकलुकवण्यापलीकडे त्यांचा लूप जात नाही. पहाऱ्याच्या विषयाला मात्र तो चपखल बसतो, कारण गस्तीवाल्याची फेरीही अशीच असते: दार पाहिलं, खिडक्या पाहिल्या, पुन्हा दार. फरक इतकाच की ही फेरी सेकंदाला हजारो वेळा होते.

सेटअपमधल्या पहिल्याच महत्त्वाच्या ओळीत तिने खिडक्यांचे पिन ‘इनपुट पुलअप’ म्हणून जाहीर केले आहेत. वरवर पाहता ही औपचारिकता. पण सगळ्या प्रोग्रॅमचा स्वभाव या ओळीने ठरतो. पुलअप म्हणजे चिपच्या आतला एक रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमच्या दरम्यानचा, जो पिनला हलकेच ५ व्होल्टकडे ओढून धरतो. खिडकी लावलेली असते तेव्हा चुंबक जवळ असतो, रीड स्विचच्या काचेच्या नळीतल्या दोन पात्या चिकटलेल्या असतात, पिन जमिनीला जोडलेला असतो आणि वाचन शून्य येतं. खिडकी उघडली की पात्या सुटतात, पिन वर ओढला जातो, वाचन एक. म्हणजे इथे शून्य हे खुशालीचं चिन्ह आहे आणि एक हे संकटाचं. नवखा वाचक इथे अडखळतो. त्याला उघडलं म्हणजे एक आणि तेच चांगलं, अशी काहीतरी सवय असते. पण आता तार कापून पाहा. तार कापली तरी वाचन एकच येतं. उंदराने कुरतडली, जोड गंजला, कुणी पक्कड लावली, तिन्ही वेळी प्रोग्रॅमला एकच गोष्ट कळते: खिडकीकडून खुशाली येणं बंद झालं. तो कारण विचारत बसत नाही.

या ओळीची थोरवी कळायला मागे जावं लागतं. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये राहणाऱ्या ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या घरफोडी-अलार्मचं पेटंट घेतलं. त्या मांडणीत दार उघडलं की सर्किट पूर्ण होई आणि विद्युतचुंबक घंटेवर हातोडी आपटे. पण सर्किट पूर्ण झालं तरच घंटा वाजणार असेल, तर तार आधीच कापली की ते कधीच पूर्ण होणार नाही. चोराला पक्कड पुरे. पोप यांच्याकडून १८५७ मध्ये हक्क विकत घेऊन एडविन होम्स यांनी या कल्पनेचा मोठा धंदा उभा केला. सतत वाहणारा प्रवाह आणि तो तुटला की आरडाओरडा, ही उलटी मांडणी पुढे या धंद्याचा पाया झाली. कराडच्या मुलीने ती दोन शब्दांत घेतली आहे, आणि त्यासाठी वेगळा रेझिस्टर विकत आणण्याचीही तिला गरज पडली नाही.

पुढच्या दारापाशी मात्र तिने ही सोय नाकारली आहे. दाराचा पिन ती शून्य-एक असा वाचत नाही, ‘अ‍ॅनालॉग’ म्हणून वाचते, म्हणजे उत्तर ० ते १०२३ मधलं कुठलंही येऊ शकतं. यंत्राच्या पेटीत वरून १० किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि दाराच्या स्विचच्या ओळीत तेवढाच दुसरा. दार लागलेलं असताना दाब दोघांत निम्मा वाटला जातो आणि वाचन येतं ५१२ च्या आसपास. दार उघडलं किंवा तार कापली, तर १०२३. आणि कुणी हुशारी करून दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे खिडकीच्या सर्किटला जी युक्ती सहज फसवेल ती केली, तर शून्य. ओळ अशी वाचता येते: वाचन ४०० हून कमी किंवा ६०० हून जास्त असेल तर दार बिघडलं. दोन्ही टोकं संशयाची, खुशाली मधल्या पट्ट्यात. मला सबंध प्रोग्रॅममधली ही सर्वांत देखणी ओळ वाटते. तीन खिडक्यांना साधा न्याय आणि दाराला हा कडक न्याय, हा भेदही मला पटतो. खिडक्यांना गज आहेत. दार हेच घराचं मर्म आहे.

प्रोग्रॅम कुठल्याही क्षणी पाच अवस्थांपैकी एकीत असतो. त्यांची नावं तिने रोमन अक्षरांत पण मराठी ठेवली आहेत: शांत, निघताना, पहारा, ओळख, बोंब. कोड दाबला की शांतमधून निघताना. ४५ सेकंदांनी पहारा. पहाऱ्यात दार उघडलं की ओळख. ३० सेकंदांत कोड आला नाही तर बोंब. खिडकी उघडली तर मधली पायरीच नाही, पहाऱ्यातून थेट बोंब. तिथे शेजारी एक टिप्पणी आहे: ‘खिडकीतून घरचं कुणी येत नाही.’ टिप्पणी म्हणजे यंत्र वगळतं आणि माणूस वाचतो तो भाग. तिच्या टिप्पण्या देवनागरीत आहेत आणि थोडक्या आहेत, पण जिथे निर्णयाचं कारण सांगायला हवं तिथेच आहेत. काय केलं हे ती सांगत नाही, का केलं तेवढं सांगते.

आता ‘ओळख’ या अवस्थेकडे नीट पाहू, कारण लिहिणाऱ्याची कसोटी इथे लागते. दार उघडलं आहे, आत कोण आलं ते ठाऊक नाही, आणि ३० सेकंद थांबायचं आहे. आर्डुइनोत थांबण्यासाठी ‘डिले’ नावाची तयार सूचना आहे. कंसात ३०००० लिहिलं की चिप ३० सेकंद थांबते. पण ती खरोखरच थांबते. त्या वेळात कीपॅड वाचत नाही, खिडकीकडे पाहत नाही. घरचा माणूस कोड दाबत राहील आणि ऐकणारं कुणी नसेल. ३० सेकंद सरताच त्याच्याच घरात त्याच्या कानाशी सायरन वाजेल. शिकाऊ प्रोग्रॅमांत ही चूक इतकी सर्रास दिसते की ती नसणं हाच गुण धरावा लागतो. या मुलीने ‘मिलिस’ वापरलं आहे. चिप सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते हा मोजणारा सांगतो. दार उघडलं तेव्हाचा आकडा ती टिपून ठेवते आणि प्रत्येक फेरीत आत्ताच्या आकड्यातून तो वजा करते. वजाबाकी मुदतीहून कमी आहे ना? मग पुढे चला, कीपॅड पाहा, खिडक्या पाहा, हळूच एक टीक वाजवा. वाट पाहणं चालू असतं आणि पहाराही चालू असतो.

वजाबाकी हा शब्द मी जपून वापरला. ‘आत्ता वजा सुरुवात’ असं न लिहिता ‘सुरुवात अधिक मुदत’ असं लिहिलं असतं तरी रोजच्या वापरात फरक दिसला नसता. पण मिलिसचा आकडा ३२ बिटांचा आहे, सुमारे ४९.७ दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्या सांध्यावर कुणी दार उघडलं, तर बेरीज उलटून लहानसा आकडा होईल, मुदत आधीच संपली असं प्रोग्रॅमला वाटेल आणि घरात पाऊल टाकताक्षणी बोंब उठेल. वजाबाकी मात्र उलटलेल्या आकड्यावरही बरोबर उत्तर देते. पन्नास दिवसांत एकदा, तेही अर्ध्या मिनिटापुरता येणारा हा धोका. तो तिने पाहिला होता की कुठल्या पुस्तकातली पद्धत उचलली, हे संहितेवरून ठरवता येत नाही. पण पुढची ओळ पाहून माझा कल पहिल्या शक्यतेकडे झुकतो.

ती ओळ निघण्याच्या मुदतीची आहे: ‘४५यूएल गुणिले १०००’. यूएल ही दोन अक्षरं नजरेतून निसटतात. ती नसती तर? या चिपवर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असते आणि ३२,७६७ च्या पुढे जात नाही. ४५ गुणिले १००० म्हणजे ४५,००० त्यात मावत नाहीत. उत्तर उलटून उणे २०,५३६ होतं. ही उणे संख्या मुदत म्हणून मोठ्या, चिन्हविरहित खोक्यात ठेवली की तिचे होतात ४२९ कोटी ४९ लाखांहून जास्त मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस. घरचे कोड दाबून गावाला निघून गेले असते, दिवा लुकलुकत राहिला असता आणि यंत्र पन्नास दिवस ‘निघताना’च राहिलं असतं. पहारा सुरूच झाला नसता, आणि इशारे बंद ठेवलेले असले तर कंपायलरनेही चकार शब्द काढला नसता. ३० सेकंदांची मुदत यूएलशिवायही मावली असती. तरी तिथेही तिने ते लिहिलं आहे. उद्या कुणी ३० चे ४० करील म्हणून.

आता आजी. प्रोग्रॅमच्या मध्याच्या थोडं खाली एक टिप्पणी येते: ‘आजी: दूध. दोन मिनिटं, फक्त दार. खिडक्या चालूच.’ घरचे झोपलेले असताना पहारा ‘रात्र’ या प्रकारात असतो. तेव्हा आतला हालचाल-सेन्सर गप्प असतो, दार-खिडक्या जाग्या. पहाटे आजी उठते, दाराशी जाते. तिला कोड पाठ होत नाही, कीपॅडवरचे आकडे दिसत नाहीत. म्हणून कडीशेजारी दारावरच्या घंटेसारखं मोठं बटण आहे. ते दाबलं की दाराला दोन मिनिटांची सूट.

अशी सूट दिली की सुरक्षेला भोक पडतं, आणि इथे लेखिकेची खरी लेखणी दिसते. पहिली अट: हे बटण फक्त ‘रात्र’ प्रकारातच चालतं. घर रिकामं असताना दार फोडून आत आलेल्याने ते कितीही दाबलं तरी उपयोग नाही. दुसरी अट बारीक आहे. प्रोग्रॅम बटण ‘दाबलेलं आहे का’ असं विचारत नाही, ‘आत्ताच दाबलं गेलं का’ असं विचारतो. मागच्या फेरीत एक होतं आणि या फेरीत शून्य झालं, तरच सूट. बटण ओलाव्याने चिकटून बसलं किंवा कुणी चिकटपट्टी लावून दाबून ठेवलं, तरी सूट एकदाच मिळेल. तिसरी गोष्ट अट म्हणून लिहिलेलीच नाही, ती जोडणीत आहे. हे बटणही पुलअपवर आहे, त्यामुळे त्याची तार तुटली तर वाचन एक येतं, म्हणजे ‘दाबलेलं नाही’. खिडकीची तार तुटली की संकट धरलं जातं आणि आजीच्या बटणाची तार तुटली की सूट नाकारली जाते. आकडा एकच, अर्थ दोन, आणि दोन्हीकडे कल कडक बाजूला.

या कलमाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘काका, चोर एखाद्या वेळी येईल. आजी रोज उठते.’

पीआयआर सेन्सरवर मी फार थांबत नाही. तो उष्णतेची हालचाल टिपतो. आत दोन संवेदक पट्ट्या असतात आणि ऊब एकीसमोरून दुसरीसमोर सरकली की तो खूण करतो. सुरू केल्यावर त्याला स्थिरावायला सुमारे मिनिटभर लागतं, तेवढा वेळ प्रोग्रॅम त्याचं ऐकत नाही, हे योग्यच. एकाच खुणेवर बोंब न ठोकता दहा सेकंदांत दुसरी खूण यावी ही अटही शहाणपणाची, कारण भिंगावरून पाल गेली तरी तो खूण करतो; शंकेची पाल इथे खरोखरच पाल असते. पण एप्रिल-मेच्या दुपारी भिंतीच अंगाइतक्या तापतात तेव्हा या सेन्सरची नजर मंदावते. त्या दिवसांसाठी संहितेत काहीच नाही. एकाच सेन्सरवर आतल्या खोल्या सोपवणं मला कच्चं वाटतं.

‘बोंब’ या अवस्थेत जे आहे त्यापेक्षा जे नाही ते मोलाचं. तिथे दाराकडे पाहणारी ओळच नाही. चोराने दचकून दार ओढून घेतलं, तरी सायरन थांबत नाही. पोप यांच्या जुन्या यंत्रातही दार पुन्हा लावल्याने घंटा बंद पडू नये अशी तजवीज होती. तिथे त्यासाठी वेगळा सुटा भाग बसवावा लागला, इथे एक ओळ न लिहिणं पुरलं. बोंब थांबते ती कोडने किंवा पाच मिनिटांनी. पाच मिनिटांनंतर पुन्हा पहारा, आणि उघडी राहिलेली खिडकी तेवढी वगळून. ही मर्यादा शेजाऱ्यांसाठी आहे. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा सांगणारे ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्याकडे २००० पासून आहेत. सायरन ती केव्हाच ओलांडतो. गावाला गेलेल्यांच्या घरात रात्रभर भोंगा वाजत राहिला, तर दुसऱ्या खेपेला मदतीला कुणी उठणार नाही.

अवस्था बदलली की ती चिपच्या कायम आठवणीत, ईईप्रॉममध्ये, लिहून ठेवली जाते. बॅटरीही संपली आणि तासाभराने वीज आली, तर यंत्र ‘शांत’ म्हणून उठत नाही. झोपताना जे होतं तेच होऊन उठतं. ही नोंद फक्त बदलाच्या वेळी होते. प्रत्येक फेरीत केली असती, तर एक लाख लेखनांची हमी असलेली ती जागा सहा मिनिटांच्या आत झिजली असती.

दोष आहेत आणि ते किरकोळ नाहीत. चार आकडी कोड संहितेत उघडा लिहिलेला आहे. प्रोग्रॅमची फाइल ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती घर. पेटीचं झाकण उघडलं तर कळावं म्हणून एक स्विच हवा होता, नाही. सर्वांत मोठी उणीव वॉचडॉगची. चिप कुठे अडकली, तर तिला हलवून जागं करणारा हा घड्याळी रक्षक एटीमेगामध्ये फुकट मिळतो, आठ सेकंदांपर्यंतची मुदत देता येते. तो वापरलेला नाही. तिचं कारण खरं आहे: स्वस्त नॅनोवर कित्येकदा जुना बूटलोडर, म्हणजे चिप उठताच आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, असतो आणि वॉचडॉगने उठवलं की तो तिथेच घुटमळत राहतो. पण बूटलोडर बदलता येतो. तुटलेल्या तारेवर विश्वास न ठेवणाऱ्या लेखिकेने स्वतःच्या चिपवर मात्र आंधळा विश्वास ठेवला, ही विसंगती मला खटकते. मोबाईलवर निरोप जात नाही याला मी दोष म्हणत नाही. त्यासाठी बाजारात सहज मिळणारं सिम८००एल हे मॉड्यूल फक्त टू-जीवर चालतं, जिओचं सिम त्यात निरुपयोगी, आणि निरोप पाठवताना ते क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं. ते आणलं असतं तर दीडशे ओळींची तीनशे झाली असती आणि आजीची ओळ त्यात हरवली असती.

हा प्रोग्रॅम उतरवून घेण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांना एक सांगणं. दाराची ती ५१२ ची ओळ स्विचसोबतचा दुसरा रेझिस्टर कुठे बसवायचा हे सांगत नाही. तो दाराच्या चौकटीत, स्विचला लागूनच बसवा. सोयीसाठी पेटीत बसवलात, तर बाहेर कुणीही तारा जोडल्या तरी वाचन ५१२ च येत राहील.